बारा पट की वीस पट

दुर्बीण घ्यायची म्हटलं की जो तो विचारतो, "काय पाहायचंय?" प्रश्न साधा आहे, पण मला त्याचा राग यायचा. चष्मा करायला गेलं तर कोणी असं विचारत नाही. पक्षी पाहायचे तर आठ पट पुरते, मेळघाटात जायचं तर दहा पट, क्रिकेटला अमुक, चंद्राला तमुक. माझं उत्तर यातल्या कशातच बसत नव्हतं. मला माझी मैत्रीण पाहायची होती. ती तळ्यापलीकडे राहत होती.

अमरावतीच्या अगदी कडेला आमची इमारत आहे. चौथ्या मजल्यावर समोरासमोर दोन फ्लॅट, एक माझा आणि एक तिचा. आम्ही दोघी एकाच मुलींच्या शाळेत शिकवायचो, मी मराठी आणि ती गणित. निवृत्तही पाठोपाठ झालो. संध्याकाळी चहाचे कप घेऊन गच्चीवर जायचं आणि दिवस बुडाला की खाली यायचं, असा आमचा कितीतरी वर्षांचा नेम. बोलायचे मी, ऐकायची ती. तिचा स्वभावच मुळात कमी बोलण्याचा, आणि कोणीतरी बोलावं लागतंच की. माझे यजमान गेले, मुलगा परदेशी, तेव्हा हा नेम वाढत गेला. दुपारचा चहा तिच्याकडे, रात्रीचं वरण-भातही बहुतेक तिच्याकडेच. मला काही सुचलं, दुखलं, खुपलं की मी चपला न घालता समोरचं दार वाजवायचे.

दिवाळीनंतर तिच्या मुलाने तळ्यापलीकडच्या नव्या ले-आउटमध्ये प्लॉट घेऊन बंगला बांधला आणि आईला घेऊन गेला. त्यात गैर काही नाही. मुलगा आईला नेतो तेव्हा शेजारणीची परवानगी घेत नाही. तिच्या फ्लॅटमध्ये आता स्पर्धा परीक्षांच्या क्लासला आलेल्या मुली राहतात. दार उघडतं, "नमस्कार काकू" होतं, दार बंद होतं. त्यांना अभ्यास असतो.

माझ्या गच्चीपासून तिचा बंगला सरळ रेघेत जेमतेम किलोमीटरभर. मध्ये तळं. रस्त्याने मात्र तळ्याला सगळा वळसा घालावा लागतो, शेवटचा तुकडा नुसता खडीचा, आणि तिकडे चला म्हटलं की ऑटोवाले तोंड वाकडं करतात. तरी सुरुवातीला मी चांगली चार-पाच वेळा जाऊन आले. मग एक दिवस ती मला फाटकापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "एवढ्या दुरून नको येत जाऊ वं. तुया गुडघ्याचं मले भेव वाटते. मीच येत जाईन."

ती आली नाही. मी वाट पाहिली आणि मग फोन करू लागले. दिवसातून दोनदा, कधी तीनदा. फार काही बोलायचे असं नाही. गच्चीवर जे बोलायचे तेच. संक्रांतीच्या सुमाराला ती फोनवर म्हणू लागली, "आवाज नाही येऊन राह्यला तुया." मी मोठ्याने बोलले. आणखी मोठ्याने बोलले. "नाही वं माय, काहीच समजत नाही. मायेच कान गेले वाटते," म्हणाली आणि फोन ठेवला. मी व्हॉट्सॲपवर लिहिलं की कानाचं मशीन घे, मी येते सोबत डॉक्टरकडे. त्यावर आलं, "मशीननं भणभण होते म्हणतात." त्यानंतर मी कितीही लिहिलं तरी तिकडून जोडलेले दोन हात यायचे. पानभर मजकुराला दोन हात. जन्मभर गणित शिकवलेली बाई, लिहिण्याचा कंटाळा असणारच, अशी मी माझी समजूत घातली.

मग एकदा तिचाच फोन आला. ऐकू येत नसल्यामुळे तिने मला बोलू दिलं नाही, आपलंच सांगितलं. "रोज दिवस बुडता बुडता मी गच्चीवर येत जाईन. लाल ओढणी हालवीन. तू बी हात करत जा. मंजे एकमेकीले माहीत राहीन का आपण बऱ्या आहो."

मला ही युक्ती फारच आवडली. त्या दिवशी मी किती खूश होते म्हणून सांगू! दिवसभर घरात गुणगुणत होते. संध्याकाळी पिवळा टॉवेल घेऊन वर गेले, आणि खरोखर पाण्यापलीकडे, घरांच्या रांगेत एका गच्चीवर लाल ठिपका हलला. मी हात दुखेपर्यंत टॉवेल हलवला. असं रोज सुरू झालं. पण ठिपक्याला तोंड नसतं. ती हसते आहे की दमली आहे, बारीक झाली की सुजली, सुनेने काही बोलून ठेवलंय का, काही म्हणता काही कळायचं नाही. एका संध्याकाळी तर मी बराच वेळ हात केला, मोठमोठ्याने चार शब्दही बोलले, आणि अंधारू लागलं तरी ठिपका हलतोच आहे म्हटल्यावर ध्यानात आलं की ती कोणाची तरी वाळत घातलेली साडी होती. त्या साडीने मला दुर्बीण घ्यायला लावली.

क्लासच्या मुलींपैकी एकीने मोबाइलवर दुर्बिणी दाखवल्या. साठ पट, शंभर पट, किंमत एका साध्या साडीएवढी. मी म्हटलं, शंभरची मिळत असताना दहाची कशाला? मागवली. खोकं उघडलं तर खेळण्याइतकी हलकी. डोळ्याला लावली तर एका गच्चीच्या दोन गच्च्या झाल्या आणि दोन्हींना निळीजांभळी किनार. परत पाठवली. मग गावातल्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. तिथे आठ पटीची एकच होती. "मॅडम, जंगलाले एक नंबर," म्हणून त्याने दाखवली. चीज चांगली होती. पण त्याने ती मला एक संध्याकाळ घरी नेऊन पाहू दिली, आणि त्या आठ पटीत ठिपक्याची फक्त बाहुली झाली. बाहुलीलाही तोंड नव्हतं.

माझं माहेर अकोल्याचं. तिथे बाजारात घड्याळं, चष्मे, होकायंत्रं असलं सगळं विकणारं एक दुकान आहे. त्याच्या काचेमागे टांगलेल्या दुर्बिणी मी परकरी पोर असल्यापासून पाहिलेल्या. माहेरी आता कोणी उरलेलं नाही, दुकान मात्र उरलं होतं. बडनेऱ्याहून सकाळची गाडी धरली आणि निघाले. कोणी म्हणेल, बाईला अकोल्याला जाता येतं आणि तळ्यापलीकडे जाता येत नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा. म्हणू दे. अकोल्याने मला कधी "नको येत जाऊ" म्हटलेलं नाही.

दुकानदार सत्तरीच्या पुढचे मुसलमान गृहस्थ होते, कूलरसमोर पेंगत बसलेले. बाहेर अकोल्याचं ऊन, आत दुसरं गिऱ्हाईक नाही. मला पाहून उठले.

"काय पाहाचं आहे, बाई?"

"लांबचं."

"लांबचं तं सारेच पाह्यतात," ते म्हणाले आणि काउंटरवर मऊ फडकं पसरून त्यावर तीन दुर्बिणी मांडल्या. दहा पट, बारा पट, वीस पट. तिसरी दोन्हींच्या मानाने चांगलीच धिप्पाड होती, पुढची भिंगं बशीएवढी. ते समजावू लागले. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाच्या मापाचा. पट वाढवायची तर भिंगही मोठं लागतं, नाहीतर संध्याकाळच्या वेळी आत काळोख. पट वाढली की दिसणारा तुकडा लहान होतो. वजन वाढतं. आणि हात जरा हलला की समोरचं चित्रही तेवढ्याच पटीने हलतं. मी शिक्षिका होते, कोणी नीट समजावून सांगत असेल तर मला गप्प बसता येतं.

त्यांनी मला दुकानावरच्या माडीवर नेलं. दूर एका शिकवणी वर्गाची पाटी होती. दहा पटीत ती पाटी आहे एवढं कळलं. बारा पटीत वाचता आली. वीस पटीत रंगाचे उडालेले पोपडे दिसले, एक चुकलेली वेलांटीसुद्धा दिसली, पण अख्खी पाटी नवरात्रात अंगात आल्यासारखी घुमत होती.

"तुमचे हात थरथरून राह्यले," दुकानदार म्हणाले.

"तुमची माडी हालून राह्यली," मी म्हणाले.

ते हसले. "माडी अब्बाच्या वक्ताची आहे, ते नाही हालत. बाई, मायं ऐका, बारा घेऊन जा. पावर जास्त झाली का नजर जास्त होते, असं नाही. वीसले तिपाई लागते. काय, पक्षी पाह्यता का?"

"माणूस पाहाचा आहे. किलोमीटरवरचा."

"मंग तं बाराच. आदमी उभा आहे का बसला, कोन्या रंगाचं घातलं, येऊन राह्यला का जाऊन राह्यला, सारं दिसते."

"अन् तोंड?"

"तोंड नाही दिसनार. तोंडासाठी वीस पाह्यजे." मग म्हणाले, "पर तोंड पाहाचं असन तं लोक जाऊन भेटतात, बाई."

मला राग आला. सल्ला ऐकायला मी एवढ्या उन्हात आले नव्हते. "तुमाले विकाची आहे का नाही?"

"विकाची तं आहेच," म्हणत ते वीस पटीची खोक्यात घालू लागले. तिपाई मी घेतली नाही. खोकंच इतकं जड होतं की ते आणि मी दोघंही गाडीत चढलो म्हणजे मिळवलं. माझ्या पेन्शनकडे पाहता ती खरेदी शहाणपणाची नव्हती, पण हौसेला मोल नसतं, आणि मला त्या घडीला दुसरी कोणती हौस उरली नव्हती.

परतीच्या गाडीत खोकं मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईने थोडा वेळ कळ काढली आणि मग विचारलंच, "मिक्सर घेतला का, बाई?" मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर पुन्हा "काय पाहायचंय" आलं असतं. "घरी कोन कोन आहे?" तिने पुढचं विचारलं. मी म्हणाले, "आमी दोघी." मूर्तिजापूर गेल्यावर तिने मला डब्यातली भाकरी आणि ठेचा दिला. मी ते खाल्लं, आणि बडनेऱ्याला उतरताना त्या अनोळखी बाईला सोडून जाणं जिवावर आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारीच वर गेले आणि फसले. उन्हात तळ्यावरची हवा उकळत होती. पलीकडची घरं पाण्यात भिजवून पिळल्यासारखी दिसत होती, वाकडीतिकडी, लांबुळकी. वीस पटीने ऊनही वीस पट होतं. संध्याकाळची वाट पाहणं आलं. ज्वारीची पाच किलोची पिशवी कठड्यावर ठेवली, तिला मध्ये खळगा केला आणि त्यात दुर्बीण बसवली. मग हात थरथरेनासे झाले, निदान जग तरी थांबलं. पण जगाचा तुकडा एवढासा! टाक्या, टाक्या आणि टाक्या. नव्या ले-आउटमध्ये प्रत्येक घरावर तीच काळी टाकी. चार घरं इकडे, दोन तिकडे, एका गच्चीवर जिममधली सायकल मारणारा एक जाड्या माणूस. सूर्य माझ्या पाठीशी होता, त्यामुळे पलीकडच्या सगळ्या गच्च्या उजळून निघाल्या होत्या. आणि मग लाल ओढणी.

ती दिसली. तोंडासकट. तिने चष्म्याची फ्रेम बदलली होती. केस रंगवणं सोडलं होतं, कपाळावर सगळं पांढरं. हनुवटीखाली थोडी सुटली होती, म्हणजे खाणंपिणं व्यवस्थित होतं. ती माझ्या दिशेने पाहत होती, डोळे बारीक करून, वहीतला चुकलेला ताळा पाहावा तशी. मला इतकं भरून आलं की भिंगावर वाफ धरली. मी टॉवेल उचलून हलवला आणि पुन्हा डोळा लावला, तोवर ती जिन्याकडे वळली होती. पाठ दिसली. पाठही तिचीच होती.

त्यानंतर मी वेळेच्या कितीतरी आधी वर जाऊ लागले. ती झाडांना पाणी घाले, वाळलेले कपडे काढी, घडी घालताना ओठ मिटून मोजी. मी तिला तिथूनच सगळं सांगायचे. पाणी दोन दिवसांनी आलं, पेन्शनच्या रांगेत कोणी ढकललं, गुडघ्याला नवीन तेल आणलं. तिला ऐकू येत नव्हतं, पण तसं ते आता फोनवरही येत नव्हतं. मी दुर्बीण घेतली हे मात्र मी तिला कळवलं नाही. फोनवर ऐकू येत नाही आणि लिहून कळवलं असतं तर दोन हात आले असते. भेटली की सांगू, म्हटलं.

मग चैत्र आला. आमच्याकडे चैत्रात कुरडया होतात, आणि कुरडई हा एकटीचा धंदाच नव्हे. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळून चीक काढायचा, आणि तो चुलीवर हाटायला एक बाई लागते, ओतायला आणि सोऱ्या धरायला दुसरी. हाटणारीचा हात थांबला की गाठी. म्हणून बायका एकमेकींकडे जातात, आज तुझ्या, उद्या माझ्या. हाटायचे नेहमी मी, कारण माझे हात दणकट. घालायची ती, कारण तिची वर्तुळं गोल. पहिली वाटी गरम चीक, वर तेल, हाटणारीला. हा कोणी केलेला कायदा नाही, पण मोडलेला मी पाहिला नव्हता. यंदा मी विचारलं तेव्हा तिने दोन हातांऐवजी चक्क लिहिलं होतं, "यंदा मायाच्यानं नाही होत. विकतच्या घे." मी विकतच्याही घेतल्या नाहीत.

त्या दिवशी सकाळीच हवा स्वच्छ होती म्हणून वर गेले. तिच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर पांढऱ्या कुरडयांच्या रांगा. ती सोऱ्या दाबत होती. शेजारी दोन बायका होत्या, मी कधी न पाहिलेल्या. त्यातली एक, जाडजूड, पातेल्याशी बसली होती. तिने वाटीत काहीतरी घेतलं आणि फुंकर मारून खाल्लं. मी दुर्बीण काढली आणि खाली आले. जिन्यात बसले. फार लागलं मला ते. यजमान गेले तेव्हा लोक होते, रडायला रीत होती. कुरडयांवरून रडणाऱ्या बाईला लोक काय म्हणतील?

तरी मी तिची बाजू घेतली. सुनेच्या ओळखीच्या असतील. नवी जागा, नाही म्हणता आलं नसेल. त्या दोघी खाणाखुणांनी बोलत असतील तिच्याशी, ऐकू येत नाही म्हटल्यावर. मी स्वतःला असं बरंच काही समजावलं, आणि समजावण्यात माझा हातखंडा आहे.

मग एका संध्याकाळी ती वेळेआधी वर आली. कानाला मोबाइल होता. गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होती आणि बोलत होती. बोलत म्हणजे, मध्ये मध्ये गप्प राहून ऐकत होती, मान हलवत होती, आणि मग बोलत होती. एकदा थांबली आणि मान मागे टाकून हसली. बारा पटीत मला दिसलं असतं की ती फेऱ्या मारते आहे. बरी आहे, चालती-फिरती आहे, असं म्हणून मी खाली गेले असते. वीस पटीत तिचे दात दिसले. कमी बोलणारी माझी मैत्रीण चांगली बोलत होती.

तिचं बोलणं संपेपर्यंत मी थांबले. मग माझा फोन लावला, कठड्यावर ठेवला आणि डोळा दुर्बिणीला लावला. तिच्या हातातला फोन वाजला असणार, कारण तिने तो समोर धरून पाहिला. चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, मला भांडता येतं. तिथे नुसता थकवा होता, शाळा सुटायच्या वेळेला एखादी मुलगी वही घेऊन आली की यायचा तसा. तिने फोन बंदही केला नाही. कठड्यावर पालथा ठेवला आणि माझी रिंग संपेपर्यंत तुळशीची वाळकी पानं खुडत राहिली. मग दिवस बुडायला आला तशी ओढणी घेऊन कठड्याशी आली आणि माझ्या दिशेने नेमाने हलवली. मीही टॉवेल हलवला. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आज हात करायचा नाही. पाहू काय होतं. कठड्याला एक खांब आहे, त्याच्या आडोशाला खाली स्टूल टाकून बसले, पिशवी आणि दुर्बीण पुढे, म्हणजे तिकडून कोणी उभं दिसू नये. मला ठाऊक होतं मी काय पाहायला बसले आहे. ती ओढणी हलवील, उत्तर येणार नाही, आणि ती कपडे काढून खाली जाईल. मग तेही कळेल. कळलं की संपलं, असं मी दिवसभर स्वतःला बजावत होते.

तिने ओढणी हलवली. थांबली. पुन्हा हलवली. मग कपाळावर हात आडवा धरून पाहत राहिली. कठड्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन पाहिलं, जणू तिथून मी जास्त दिसणार होते. कपडे दोरीवर तसेच होते. ऊन कठड्यावरून सरकत तिच्या खांद्यापर्यंत चढलं तरी ती तिथेच. मग तिने फोन काढला आणि कानाला लावला, आणि माझ्या स्टुलाजवळ माझा फोन वाजला.

मी तो उचलला, स्पीकर लावला आणि पिशवीशेजारी ठेवला.

"काहून वं, आज हात नाही केला?" तिचा आवाज किती दिवसांनी असा माझ्यासाठी आला होता. "बरी आहेस ना?"

माझ्याजवळ बोलायला सगळं तयार होतं. कुरडयांचं, फोनचं, तुळशीच्या पानांचं. क्रमाने, मुद्देसूद. त्यातलं काहीही तोंडातून निघालं नाही. मी अगदी हळू, जवळ बसलेल्या माणसालाही कान द्यावा लागेल इतक्या हळू म्हणाले, "गुडघा लई दुखून राह्यला. चढता नाही आलं लवकर."

"मंग तेल गरम करून चोळ ना," ती म्हणाली. "अन् त्या जिन्यानं अशी एकटी..."

दुर्बिणीत तिचा मोकळा हात तोंडाशी गेलेला दिसला.

फोनमधून तिच्या गच्चीवरचा वारा ऐकू येत होता. मला वाटलं ती आता ठेवील. तिने ठेवला नाही. मग ती मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत बोलली, ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं. "मले तुयं काही ऐकू येऊन नाही राह्यलं. बरी असशील तं हात करजो. मी पाहून राह्यली."

फोन बंद झाला. ती कठड्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली. वाट पाहत. मी स्टुलावरून उठले, तरी डोळा भिंगावरच होता. तिच्या चेहऱ्यावर काल होता तो थकवा नव्हता. भीती होती, आणि ती माझ्यासाठी होती, हे मला वीस पट स्पष्ट दिसत होतं. मला ते आणखी पाहायचं होतं. पण ती दुर्बीण एका हाताने धरली तर सगळं घुमायला लागतं, आणि हात केल्याशिवाय ती तिथून हलणार नव्हती.

मी दुर्बीण ज्वारीच्या पिशवीवर आडवी ठेवली आणि दोन्ही हात वर केले. पलीकडे लाल ठिपका हलला. तिचं तोंड तेव्हा कसं झालं, ते मला दिसलं नाही.